कोरम

एकशे अठरा घरं. तीस माणसं हजर हवीत,
आणि पावणेआठला क्लबहाउसात आम्ही एकोणतीस,
घडीच्या खुर्च्या, डोनट्सचा अर्धा खोका,
खिडकीबाहेर ओहायोतला ऑक्टोबर
कुठलंही कलम न वाचता
कुणाच्याही अंगणात पानं टाकणारा.

श्रीरंग म्हणाला होता, कशाला जातेस?
कुणीही निवडून आलं तरी गवत तेवढंच वाढणार.
पण पर्समध्ये माझ्या ते पत्र होतं, जूनमधलं:
मागच्या कठड्यावर सुमारे अठरा फूट सुती कापड वाळत,
रस्त्यावरून दिसतं, कलम नऊ, पंचवीस डॉलर.
खाली सही, लोरेन विटकॉस्की, चिटणीस.
इरकल म्हणायला त्यांच्याकडे शब्द नव्हता,
म्हणून बिचाऱ्यांनी मोजलं.

मी भांडायला आले होते. खोटं कशाला बोलू.

जागा एक, उभे तिघं.
टॉड केसलर आधी बोलला, गुळगुळीत कागदावर
त्याचे दात छापलेले होते.
वर्गणी कमी करीन, पोहण्याचा तलाव गरम करीन,
एकाच वाक्यात दोन्ही.
आमच्याकडे लग्नात अशा माणसाला
माइक देतात, कोठीची किल्ली देत नाहीत.

मग ड्वेन प्रुइट. खिशात फूटपट्टी.
कुणाचा कचऱ्याचा डबा किती वाजेपर्यंत बाहेर होता
हे त्याच्या वहीत आहे.
त्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक, नावं सोडून.
मला तो चौदा नंबर म्हणतो.

लोरेन उठली ती गुडघा धरून,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
हातात इंजिनियरचा अहवाल, एकसष्ट पानं,
पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या, कॉफीचा डाग पडलेला.
तळ्याखालची लोखंडी नळी गंजली आहे, म्हणाली,
गंगाजळीत निम्मेही पैसे नाहीत.
महिन्याला अठरा डॉलर जास्त द्यावे लागतील.
मलाही ते आवडलेलं नाही.

कुणीतरी उचललेला डोनट परत ठेवला.

नळी फुटली तर माझ्या तळघरात पाणी येईल का?
मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.
माहीत नाही, ती म्हणाली. विचारून सांगते.
आणि तिथेच लिहून घेतलं, त्याचं नाव आणि घर.

मला एकदम दादा आठवले,
इचलकरंजीच्या सोसायटीचे सेक्रेटरी,
पंपाची किल्ली करदोट्याला बांधून झोपणारे.
टंचाईत पहिला नळ आमचाच बंद केला त्यांनी.
दुसरा पाटलांचा केला,
तर त्यांनी चार दिवाळ्या फराळाचं ताट पाठवलं नाही.

तरी मी पत्र काढलंच. नाचवलं.
लोरेननं दंडाचं रजिस्टर उघडलं, पान माझ्यापुढे सरकवलं:
नाताळचे दिवे, फेब्रुवारीपर्यंत, पंचवीस डॉलर,
विटकॉस्की. सही तिचीच, दोन्हीकडे.
कलम नऊ बावळट आहे, ती म्हणाली,
पण एकटीच्या पेनानं खोडता येत नाही ते.
लिहून आण. मी अजेंड्यावर घेते.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
तो बोलेल तेव्हा बोलेल,
तोंडं तर आपल्यालाच निवडायची असतात ना.

एक डोकं अजून कमीच होतं.
फोन केला, तुला तुझ्या गवताची शपथ, ये.
श्रीरंग आला, सपाता घालून, तिसावा,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बुटकी पेन्सिल, चौकोनात फुली, चपलांच्या खोक्यात चिठ्ठी.
मोजणी उद्या.

परतताना तळ्याकाठी त्यानं विचारलं, कुणाला दिलंस?
जिनं मला दंड केला तिला.
तो थांबला. अगं, मग आधी सांगायचंस,
मी त्या गरम तलाववाल्याला देऊन बसलो.

मी काही बोलले नाही.
पाणी स्वस्थ होतं, दिव्याचा पिवळा डाग त्यावर,
आणि खाली कुठेतरी नळी
एकशे अठरा घरांना न विचारता
गंजत होती.